आटपाडीचा मामा

च्या निवू दे गड्या, आदी ह्ये ऐक. लढाई सपल्यावर विमानदलातनं सुट्टीवर आलतो आन आटपाडीला पोरगी बघाय गेलतो. पोरीच्या मामानं इचारलं, "विमान चालवता?"

म्हनलं, "न्हाई. पायलटच्या म्होरली यंत्रं दुरुस्त करतो. आल्टिमीटर उंची दावतो, कंपास दिशा दावतो. ढगात काय दिसत न्हाई, तवा विमान कललंय का सरळ हाय, त्येबी एका डायलवर कळतं. पायलटचा जीव त्येच्यावरच असतो."

मामा बाकीच्यांकडं वळून म्हनला, "म्हंजे घड्याळजीच की. घड्याळजीला पोरगी देत न्हाई आमी."

डोकंच फिरलं माजं. पोहे तसंच ठेवून उठलो. यष्टीत बसलो, तर मामा पळत खिडकीशी आला. मला वाटलं, चूक कळली आसंल.

त्येच्या काखंत भिंतीवरचं घड्याळ. म्हनला, "आलाच हायसा, तर एवढं बघून जावा."