मोटर बंद करायला लावायचास

कुंभकोणमच्या इस्पितळात माझ्या मागच्या बाकावर एक बाई आणि तिचा पुतण्या भांडत होते. आमच्या घरातलीच मराठी; इथे तमिळ मुलखात कोणाला कळतंय, अशा खात्रीनं.

“काकू, हळू बोला.”

“का हळू? पत्रा दाबायचा प्रेस आपोआप खाली येतो, हे तुझे काका कितीदा सांगत होते!”

“दरवेळी दारासुरमला कारखान्यात येऊन तपासला मी. बरोबर चालायचा.”

“चालणारच! आल्याआल्या पॉलिशची मोटर बंद करायला लावायचास. आवाजात काही सुचत नाही म्हणायचास.”

“तीच मोटर सुरू होताना झटका बसतो, काकू. प्रेस चालवणारा माझा बोर्ड बंद पडून पुन्हा सुरू होतो आणि तेवढ्यात प्रेस खाली सोडतो. बोर्डाची वायर मी मोटरच्या वायरलाच बांधून नेली होती.”

“शाळेतली पोरं ज्यावर दिवे लुकलुकवतात, तो बोर्ड तू प्रेसला लावलास?”

“घरी टेबलावर महिनाभर नीट चालला होता.”

“टेबलाशेजारी मोटर होती? आणि वर कारखान्यात सगळ्यांसमोर काय म्हणालास? काकांचं वय झालं, नकळत प्रेसच्या पेडलवर पाय पडतो!”

“चुकलं माझं.”

“मला काय सांगतोस? दोन बोटं गेली त्यांची. शुद्धीवर आल्यापासून नर्सला एकच सांगताहेत, माझाच पाय पडला असेल.”

“त्यांच्यासमोर कसा जाऊ?”

“ऊठ, विष्णू. ते तुझी माफी मागायच्या आधी आत जा.”