‘फॉर्म फाडता येतो का?’ : मोरेकाकांविषयी

विहारात जमलेल्या सगळ्यांना जय भीम, आणि नमस्कार.

मी लिहून आणलं आहे. कागदाशिवाय उभी राहिले असते तर काकांच्या चार चांगल्या गोष्टी सांगून खाली बसले असते. आज मला तेवढ्यावर बसता येणार नाही.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. मी प्रभा पाटील. बुवापाड्यात मोरेकाकांच्या आणि आमच्या घराची भिंत एक आहे. सोळा वर्षं झाली. मी उल्हासनगरच्या एका कॉलेजात प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेत काम करते. काका मला बेडूकवाल्या बाई म्हणायचे. ‘काय बेडूकवाल्या बाई, आज किती कापले?’ मी आकडा सांगायचे. मग ते म्हणायचे, ‘त्यांना कोणी विचारलं होतं का?’ आणि हसायचे. मी पण हसायचे.

काका हॉस्पिटलात नोकरीला होते, एवढंच आपल्यातल्या पुष्कळांना ठाऊक होतं. कोणाला वाटायचं वॉर्डबॉय, कोणाला वाटायचं शिपाई. ते मुंबईतल्या एका मेडिकल कॉलेजात होते, शरीररचनाशास्त्र विभागात, डिसेक्शन हॉलवर. पहिल्या वर्षाची मुलं जिथे माणसाचं शरीर उघडून शिकतात, तो हॉल. मृतदेह आला की तो उतरवून घ्यायचा, धुवायचा, मांडीतल्या रक्तवाहिनीतून औषध भरायचं, महिनोन्‌महिने टिकेल असा करायचा, मग टेबलावर मांडायचा. हे काका करायचे. घरी आले की बाहेरच्या नळावर कोपरापर्यंत हात धुतल्याशिवाय काकी आत घेत नसत. सुनीलने लहानपणी शाळेत कधी सांगितलं नाही वडील काय करतात ते. सुनील, तूच मला हे सांगितलंस आणि आज बोलायची परवानगीही दिलीस, म्हणून बोलते.

काका लागले तेव्हा एका टेबलाला सहा-आठ मुलं असत. दीड वर्ष हा विषय चाले. एक सर होते, ते दोन्ही हातांत रंगीत खडू घेऊन फळ्यावर दोन्ही हातांनी चित्र काढायचे. लाल रोहिणी, निळी नीला, पिवळ्या नसा. काका दाराशी उभे राहून ती चित्रं बघत. सातवी शिकलेला माणूस, पण मनगटात काय कशाच्या बाजूने जातं ते त्यांना तोंडपाठ होतं. परीक्षेच्या आधी मुलं त्यांना गाठायची. ‘मोरेमामा, जरा हे दाखवा ना.’ मग कॉलेजात मुलं वाढली आणि देह कमी पडू लागले. दीड वर्षाचं एक वर्ष झालं. टेबलाला वीस-वीस मुलं, मागच्यांना पुढच्यांच्या फक्त पाठी दिसायच्या. मग पडदा आला, कॉम्प्युटर आला. काका म्हणायचे, ‘कॉम्प्युटरवर बरं असतं, वास येत नाही. पण मुलगा हात लावायला घाबरतो ना, ती भीती जायला टेबलच लागतं.’

आणि देह यायचे कुठून? बहुतेक बेवारस. रस्त्यावर, स्टेशनवर, हॉस्पिटलच्या कॉटवर एकटे मेलेले. ठरलेले दिवस वाट बघायची, कोणी आलं नाही की कागद करून कॉलेजकडे. कायद्यात तसं आहे. काकांना यात एक गोष्ट खुपायची. खडूवाल्या सरांनी एकदा वर्गात गोष्ट सांगितली होती. फार पूर्वी बंगालमध्ये एका भारतीय डॉक्टराने पहिल्यांदा मृतदेहाला सुरी लावली, तेव्हा त्याच्या मानासाठी किल्ल्यावरून तोफा उडवल्या म्हणे. तास संपल्यावर काकांनी सरांना विचारलं, ‘सर, तोफा डॉक्टरासाठी. टेबलावर कोण होतं?’ सर म्हणाले, ‘मोरे, ते कोणी लिहून ठेवलेलं नाही.’

हे सांगताना काका हसत नसत.

काही वर्षांनी दान केलेले देह येऊ लागले. थोडे, पण येऊ लागले. सुरुवातीलाच काकांच्या हातून एक गोष्ट घडली. दोन भाऊ आईचा देह घेऊन आले. कागद बरोबर होते. काकांनी देह आत घेतला, औषध भरलं. दुपारी वांगणीहून लेक आली. तिला कोणी वेळेत कळवलंच नव्हतं. ती दारात बसून राहिली. तिचा दानाला विरोध नव्हता, तिला फक्त एकदा आईचा हात हातात घ्यायचा होता. औषध भरलेला हात कसा ताठ, थंड लागतो ते काकांना माहीत होतं. तिला माहीत नव्हतं.

त्यानंतर काका दोनदा विचारू लागले. एकदा गाडीपाशी, एकदा हॉलच्या दाराशी. ‘नक्की ना? कोणी यायचं राहिलंय का?’ नातेवाईक वैतागायचे. डॉक्टरही ओरडायचे, ‘मोरे, आधीच देह मिळत नाहीत आणि तू आलेले परत पाठवतोस?’ एक कुटुंब खरंच परत गेलं. काकांना त्याबद्दल लेखी समज मिळाली. पण त्यांनी विचारणं सोडलं नाही.

निवृत्त झाल्यावर त्यांनी स्वतःच्या देहदानाचा फॉर्म आणला. माझ्याकडे आले. ‘बाई, तुमचं अक्षर चांगलं. भरा. आणि साक्षीदार म्हणून सही करा.’ मी म्हटलं, ‘काका, तुम्ही हे सगळं डोळ्यांनी पाहिलंय, तरी?’ ते म्हणाले, ‘पाहिलंय म्हणूनच. तीस वर्षं न विचारता आलेल्यांना टेबलावर ठेवलं. एकाने तरी स्वतःच्या पायाने होय म्हणून जावं.’ काकींनी सही केली, सुनीलने केली, मी केली. मला त्या सहीचा अभिमान वाटला. डायरीत मी त्या दिवशी दोन पानं लिहिली आहेत. आता वाचवत नाहीत.

आता जे सांगायचं आहे ते सांगते.

काका जाण्याच्या तीन आठवडे आधीची गोष्ट. ते त्यांच्या जुन्या विभागात सहज भेटायला गेले होते. संध्याकाळी मी कामावरून आले तेव्हा ओट्यावर बसले होते. चप्पलही काढली नव्हती. मी विचारलं, कसं झालं? तर म्हणाले, ‘पोरं मोबाईलमध्ये फोटो काढतात. एक जण टेबलापाशी उभा राहून हसत होता, दुसरा काढत होता.’

मी म्हटलं, ‘मुलं आहेत, काका. आमच्याकडे पण बेडकाशी खेळतात.’

‘हसलेलं चालतं. घाबरून हसतात ती, मला माहितीये. पण तो फोटो कुठं कुठं जाणार?’ मग म्हणाले, ‘प्रभा, तो फॉर्म फाडता येतो का?’

एरवी ते मला नावाने हाक मारत नसत.

आणि मी काय म्हटलं? मी हसून म्हटलं, ‘काका, तुम्हीच मागे फिरलात तर बाकीच्यांनी काय करायचं?’

काकांनी चप्पल काढली आणि ते आत गेले. पुन्हा तो विषय त्यांनी काढला नाही. मीही काढला नाही. त्यांनी मला एक प्रश्न विचारला होता, त्याचं साधं उत्तर ‘हो, येतो’ एवढंच होतं. मी ते दिलं नाही. का दिलं नाही? मी स्वतःला खूप विचारलं. मला वाटतं, तो फॉर्म मला माझाही वाटू लागला होता. कॉलेजात मी लोकांना सांगत असे, आमच्या शेजारच्या काकांनी देहदान केलंय, साक्षीदार मी आहे. काका डगमगले तर माझी ती गोष्ट मोडणार होती.

त्या रात्री डायरीत मी त्यांचं वाक्य जसंच्या तसं लिहिलं. म्हणजे ऐकलं होतं. नीट ऐकलं होतं.

अकरा दिवसांपूर्वी सकाळी, चहा पिऊन, काका खाटेवर आडवे झाले ते उठले नाहीत. उल्हासनगरच्या कॅम्प चारमधले डॉक्टर आले, दाखला लिहिला. कुठे नेणार म्हणून विचारलं आणि ऐकून म्हणाले, ‘अच्छा है. मोरेजी ड्यूटी पे जा रहे हैं.’ सगळे रडता रडता जरा हसलो. गावाकडचे एक पाहुणे मात्र मागून बोललेच, ‘जन्मभर मढ्यांत राहिला, आता तिकडंच निघाला.’ काकींनी ते ऐकलं. गाडी दारात उभी होती. काकी मला आतल्या खोलीत घेऊन गेल्या. म्हणाल्या, ‘प्रभा, तुझ्याशी ते जास्त बोलायचे. या फॉर्मचं अलीकडे काही बोलले होते का?’

मी म्हटलं, ‘नाही, काकी. फॉर्म आहे ना.’

हे मी बोलले. विचार करायला वेळ नव्हता, असं मला म्हणता येईल. पण वेळ होता. काकी माझ्या तोंडाकडे बघत थांबल्या होत्या.

माझ्या त्या ‘नाही’वर गाडी निघाली. हॉलच्या दाराशी आता नवीन माणूस आहे. त्याने कागद पाहिले, नमस्कार केला, देह आत घेतला. काकांसारखं विचारणारं तिथे कोणी नव्हतं. आणि असतं तरी? मी पुन्हा ‘नाही’च म्हटलं असतं का? मला खरंच माहीत नाही.

आठव्या दिवशी मी काकींना सांगितलं. त्या मेथी निवडत होत्या. डायरीचं पान वाचून दाखवलं. त्या निवडत राहिल्या. मग म्हणाल्या, ‘आज का सांगतेस?’

‘झोप लागत नाही, काकी.’

‘म्हणजे स्वतःसाठी सांगतेस.’

मेथी बाजूला सारून त्या म्हणाल्या, ‘भ्याले असतील. शंभर मढी धुतली ह्या माणसानं, पण घरात पाल दिसली की मला हाक मारायचे.’ त्या हसल्या आणि मग पदर तोंडावर घेऊन कितीतरी वेळ बसल्या.

दुसऱ्या दिवशी काकी, सुनील आणि मी कॉलेजात गेलो. तिथल्या विभागप्रमुख बाईंनी सगळं ऐकून घेतलं. त्यांनी मला दोष दिला नाही, त्याचाच त्रास जास्त झाला. त्या म्हणाल्या, ‘मोरेमामांनीच मला पहिल्या वर्षी हात धरून शिकवलंय. नियमात परत देण्याचं स्पष्ट काही नाही. पण नवी मुलं यायला अवकाश आहे. तोवर मी त्यांना टेबलावर घेणार नाही. तुम्ही लिहून दिलंत तर परत देण्यासाठी मी माझ्या परीने प्रयत्न करीन.’ फोटोंचं विचारलं, तर म्हणाल्या, मोबाईल आता बाहेर ठेवायला लावलेत. काका त्या दिवशी त्यांनाच सांगून आले होते. तक्रार केल्याचं आमच्यापैकी कोणाला बोलले नव्हते.

काकांना बघायचंय का, असं त्यांनी विचारलं. काकी म्हणाल्या, ‘ठरल्यावर.’

परत येताना सुनील म्हणाला, ‘आई, बाबा एक दिवस डगमगले असतील. इतकी वर्षं नाही डगमगले. राहू दे.’ त्याचं बरोबर असेल. मोबाईल बंद झाल्यावर काकांचा जीव शांत झाला असेल, म्हणून पुन्हा बोलले नसतील. किंवा मी हसले म्हणून बोलले नसतील. या दोन्हींतलं खरं कुठलं, ते मला कळायला मार्ग नाही. मला बरं वाटेल तेच मी खरं मानीन, म्हणून माझ्या मतावर काही ठरू नये, असं मी काकींना सांगितलं.

काकी म्हणाल्या, ‘मग विहारात सगळ्यांसमोर सांग. ते ओट्यावर बसायचे, नाक्यावर बसायचे, इथे विहारात बसायचे. माणूस एकाशीच बोलतो असं थोडंच आहे.’

म्हणून मी आज उभी आहे. भाषणाला नाही. काकांना आता विचारता येत नाही. तुम्हाला विचारता येतं.

शेवटच्या तीन आठवड्यांत काका तुमच्यापैकी कोणाशी या फॉर्मबद्दल बोलले होते का? होय म्हणाले असोत, नको म्हणाले असोत, नुसती मान हलवली असो. अर्धं वाक्य असलं तरी सांगा. ‘उगाच कशाला घोळ’ असं मनात आणू नका. मी तसंच मनात आणलं होतं. आणि काकी जे ठरवतील, ठेवायचं की परत आणायचं, त्यावर कोणी त्यांना बोलू नये, एवढी हात जोडून विनंती.

काकी, तुमच्याशी खोटं बोलले. सगळ्यांसमोर माफी मागते. तुम्ही ती दिलीच पाहिजे असं नाही.

आपण दोन मिनिटं शांत उभे राहू. डोळे मिटून काकांचा चेहरा आठवा, त्यांचं शेवटचं बोलणं आठवा. नंतर ज्यांना काही आठवलं असेल त्यांनी पुढे काकींपाशी जावं. माझ्याकडे येऊ नका. थेट त्यांनाच सांगा.

उभे राहूया.