दोन फौजदार आणि एक बोकड

पोलिसाच्या जीपमधी बसून बोकड घरी आलेलं कुणी बघितलंय का? माझं आलंय!

आमच्या ठाण्यात दोन फौजदार होते, एक मिशीवाले अन् एक चष्मेवाले. दोघांस्नी बढती पाहिजे, अन् शिफारस मोठ्या साहेबाच्या हातात. साहेबाला खूश करायला मिशीवाल्यानं माझ्या कळपातलं बोकड फुकट उचललं अन् ठाण्याच्या आवारात बांधलं. चष्मेवाल्यानं ते गुपचूप सोडलं अन् सोताच्या नावानं साहेबाच्या बंगल्यावर नेलं. मी बी बोकडामागं गेलो. तवर मिशीवाले बी तिथं हजर!

"साहेब, हे बोकड मी आणलंय."

"खोटं आहे साहेब, मी आणलंय!"

म्या हात जोडले. "कुणी बी आणू द्या साहेब, पण येडाईच्या नवसाचं हाय. दुसऱ्यानं खाल्लं तर आई सोडत न्हाय."

साहेबाचा चेहरा उतरला. "कुणी आणलं हे?"

दोघांनी एकमेकाकडं बोट केलं. "यांनी, साहेब!"

बढती दोघांची बी राहिली. बोकड तेवढं सरकारी जीपमधून घरी आलं.

नवस व्हय? तो म्या येताना जीपमधीच बोलून टाकला. येडाईला खोटं कशाला पाडायचं?