चिठ्ठीवरचा नंबर माझाच आहे

मी, कुमुद सुधाकर टेंभेकर, वय ६३ वर्षे, व्यवसाय घरगुती डबे, राहणार चौबे कॉलनी, रायपूर, ठाण्यात समक्ष हजर राहून मराठीत, माझ्या हाताने लिहून देते की,

फिर्यादी विहंग यांना मी ओळखते. त्यांची आई राधा आणि मी कॉन्व्हेंटमध्ये एका बाकावर बसत होतो. सिस्टर फळ्याकडे वळल्या की आम्ही डबे बदलत असू. तिला माझी मेथीची पोळी लागे, मला तिची भरली वांगी. राधा आता नाही.

तीन वर्षांपूर्वी विहंग घरी आला. म्हणाला, "मौसी, मैं ॲप बना रहा हूँ, रसोईपारा. पण सुरुवातीले कस्टमरच नाही मिळून राहिले." मी त्याला माझी वही दिली. तीत एकशे बारा घरे होती. कोणाला काय चालते, काय नाही, तेही होते. दोन दिवसांनी त्याने वही परत केली.

पहिले वर्ष ॲपने माझ्याकडून काही घेतले नाही, उलट गिऱ्हाइकांना सवलत दिली. लोकांची मला फोन करायची सवय सुटली. गिऱ्हाईक तिथे म्हणून डबेवाल्या तिथे गेल्या, डबेवाल्या तिथे म्हणून आणखी गिऱ्हाईक गेले. उरला औद्योगिक भागातले कामगारसुद्धा. मग शंभरातले तीस रुपये ॲपचे झाले आणि गिऱ्हाइकांचे नंबर मला दिसेनासे झाले. मी विचारले, काहून? विहंग म्हणाला, "मौसी, कस्टमर प्लॅटफॉर्म का होता है." मी म्हटले, "हव का? मग आमटी खारट झाली की बोलणी प्लॅटफॉर्म खातो का रे?"

तेव्हापासून मी प्रत्येक डब्यात माझ्या नंबरची चिठ्ठी ठेवते. लपवून नाही, पोळ्यांच्या वर. ऐंशी घरे पुन्हा थेट माझ्याकडे आली.

आज सकाळी हवालदार गंगाधर यांनी वही आणि भरलेले चार डबे ताब्यात घेऊन मला इथे आणले. मी कंपनीची यादी चोरली अशी तक्रार आहे. ती यादी मला दाखवली. चौदाव्या नावापुढे लिहिले आहे, "बेल वाजवू नये, बाळ झोपते." हे वाक्य माझ्या वहीत २०१९ पासून आहे. ते बाळ आता पहिलीत जाते. मला ते माहीत आहे, कंपनीला नाही.

हवालदार म्हणाले, "दीदी, माफी लिख दो, बात खतम." माफी लिहिणार नाही. चिठ्ठी उद्याही ठेवीन.

वरचे सगळे गंगाधर यांनी मला मोठ्याने वाचून दाखवले. मी लिहिले तेच आहे, एक शब्दही बदलायचा नाही. सहीआधी एवढे नोंदवावे. वही माझ्या हातात परत द्यावी. डबे जप्तीत ठेवू नयेत, दुपारपर्यंत आंबतील. बिनमिठाचा डबा सदर बाजारात अर्जुनभाईंच्या कापडदुकानात द्यावा. मऊ भाकरीचा त्यांच्या शेजारच्या आजींना. लाल झाकणाचा त्या पहिलीतल्या मुलीच्या घरी. बेल खुशाल वाजवावी. चौथा माझा होता. त्यात भरली वांगी आहेत, राधा करायची तशी. तो बाहेर बाकावर बसलेल्या विहंगला द्यावा, सकाळपासून त्याने काही खाल्लेले नाही. चिठ्ठी त्यातही आहे.