म्हाताऱ्याचा शेवटचा सूर

मलकापुरात कानाच्या डॉक्टरकडं माया नंबरचा कागद चुरगाळत बसली होती. शेजारी एक म्हातारं जोडपं बसलं होतं. एकच इअरफोन दोघांनी एकेका कानात घातला होता.

"ऊठ, घरी जाऊ. माझं कान ठीक हायती. रेकॉर्डिंगच खराब हाय."

"आवं, तीनदा नवं उतरवून घेतलंसा की. तिन्हीबी खराब?"

"पल्टणीच्या बँडात बावीस वर्सं क्लॅरिनेट वाजवलं मी. मला शिकवू नगंस."

"मग त्या फ्रान्सच्या टिंगटिंगीपायी जीव का टाकताय?"

"टिंगटिंग न्हाई, पियानो हाय. पाण्यावर ऊन हलतं, तसा. हीच चीज एक बाई वाजवती, पर ती शेवटचा सूर पटकन सोडती. ह्या रेकॉर्डिंगातला म्हातारा धरून ठेवतो, आपसूक विरंस्तवर. त्या एका सुरासाठी ऐकतो मी. म्हैना झाला, तो येतच न्हाई."

"लावा. मी ऐकते."

त्यांनी चीज लावली आणि डोळे मिटून घेतले.

"आला का गं?"

"दम धरा की जरा... आला."

"खरं?"

"व्हय. लय बारीक. मेंढरं टेकडीपल्याड गेल्यावर घंटी येती न्हाई का, तसा."

"म्हंजी कानच."

"कानच."

"येडगे नाथाजी!" आतून हाक आली.

"थांब. सूर संपू दे. अजून हाय?"

"हाय."

"आता?"

"हाय अजून."

त्यांच्या मांडीवरच्या मोबाईलचा स्क्रीन मायाला दिसत होता. चीज केव्हाच संपून तो काळा पडला होता.