सोइलाबाईंच्या गिनीपिगची बुरशी

आज सभेला सगळ्यांत आधी कोण आलं, तर सोइलाबाई. मी खुर्च्या पुसत होते. एवढ्या उन्हात बाईंच्या बाह्या बोटांपर्यंत ओढलेल्या. डॉक्टरीणबाईंना कोपऱ्यात नेऊन मनगटावरचा गोल चट्टा दाखवला, कुणाला सांगू नका म्हणाल्या. म्हणून मी सभेतच सांगते.

तर, अध्यक्ष रोमुलोसाहेब, पूज्य पाद्रीबाबा, राजधानीच्या प्रयोगशाळेतले दोघे पाहुणे, आज ज्यांना निरोप द्यायचा त्या डॉक्टर रेबेका, आणि गावकरी मंडळी! मी दुसरीपर्यंत शिकलेली, गोड मानून घ्या.

माझी नात सिसा. तिचे केस मारियामातेच्या मूर्तीच्या केसांच्या टोपासाठी नवस बोललेले, कमरेखाली आलेले. पोरगी झोपेत दचकायला लागली, म्हणून रीतीप्रमाणे सोइलाबाईंनी जिवंत गिनीपिग तिच्या डोक्यावरून घासून भीती उतरवली. हात हलका हो बाईंचा! थोड्याच दिवसांत टाळूला पू धरला, केस गळू लागले. तेव्हा ह्याच बाई चर्चच्या अंगणात काय म्हणाल्या? "पोर आतून मळकी आहे. हे केस मातेला चालायचे नाहीत." तिथेच भादरली, केस जाळले.

मी तिला डॉक्टरीणबाईंकडे नेलं. घाण दिसू नये म्हणून निघताना मलम चोपडलं, तर डॉक्टरीणबाईंनी टाळू खरवडून तपासणीच्या काचेच्या बशीत घातलं, त्यात काही उगवेचना. सोइलाबाई दारोदार हसल्या. डॉक्टरीणबाईंनी मलम थांबवलं, पुन्हा खरवडलं, तुटके केस बशीत पेरले. दही रात्रीत लागतं, ह्याला आठवडे लागतात बघा. उगवली ती पिवळी बुरशी. सूक्ष्मदर्शकात पाहिली, राजधानीत पाठवून पक्की केली, मग मला म्हणाल्या, "आजी, ही गिनीपिगची बुरशी. तुमच्याकडे आहेत?"

आमचे तर आम्ही नाताळातच खाल्ले होते!

औषधानं बुरशी गेली, पण टाळूवर तळहाताएवढ्या जागी केस येणार नाहीत, कधीच. सिसा विचारते, उरलेले वाढवले तर माता घेईल का? पाद्रीबाबा, तुम्हीच सांगा. हो म्हणून हलवलीत ना मान? सगळ्यांनी पाहिलं.

सोइलाबाई, उठू नका, केक आहे अजून.

डॉक्टरीणबाई, तुमचे उपकार आमच्या डोक्यावर. अधिक-उणं बोलले असेन तर पोटात घाला. आणि हे पाहुणे सोइलाबाईंचे सगळे गिनीपिग तपासायला पुन्हा येणार आहेत. सोइलाबाई म्हणाल्या, अंधार पडल्यावर या. मी म्हटलं, चर्चमधली मिस्सा सुटल्यावर या, रस्ता भरलेला असतो. कबूल झालेत: सान हुआनच्या सणानंतरचा रविवार.