बेटावरच्या डेपोसाठी सह्या

त्रिनिदादमध्ये शग्वानासच्या बाजारात डबल्सच्या, म्हणजे छोले भरलेल्या मऊ पुऱ्यांच्या, गाडीपुढे रांग लागली होती. दुलारीमावशीच्या पुढे बाळगोबिन चाचा उभे होते आणि सूकदेवांच्या रोहिणीने सह्यांचा कागद थेट त्यांच्या नाकासमोर धरला होता.

“चाचा, ऊसमळ्यांवर मजुरीच्या करारानं, गिरमिटावर आलेल्या आपल्या माणसांना बोटीतून उतरवलं की आधी त्या बेटावरच्या डेपोत ठेवायचे. सोमवारी तो डेपो पाडतायत. तीनशे वारसांच्या सह्या हव्यात, माझ्याकडे अकरा आहेत.”

“मग वारसांना गाठ. आमचे आजा पंडित. स्वखर्चानं आले.”

“या रांगेतले तुम्ही सातवे पंडित. मग ऊस तोडला कोणी?”

“बूधूच्या आजानं. खरूज होती म्हणून तीन आठवडे डेपोत अडकवला होता त्याला. लिही की त्याचं नाव.”

“बूधूचाचांनी सकाळी हेच तुमच्या आजांबद्दल सांगितलं. खरजेसकट.”

“सही केली त्यानं?”

“तुम्ही केलीत की करतो म्हणाले.”

“त्याला आधी करू दे. भाऊ, दोन दे, तिखट कमी.”

“अहो, तो पाडल्यावर पोरांना दाखवायचं काय?”

“पंडितांची घरं दाखव.”

चाचा पुडी घेऊन चालते झाले. रोहिणी मागे वळली.

“मावशी, तुम्ही तरी. तुमचे आजा डेपोतूनच आले ना?”

मावशी इतका वेळ ओढणीआड हसत होती. तिने पेन हातात घेतलं, तशी सगळी रांग वाकून बघू लागली.

“आमचे आजा देवळात पूजा करायला आले होते, बेटी,” सही न करताच पेन परत देत ती म्हणाली. “तेव्हा देऊळ बांधलेलं नव्हतं, एवढंच.”